अर्धवेळ नोकरी आणि फ्रीलान्स काम एकत्र करताना : पात्रता, फॉर्म आणि कागदपत्रं

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करून सगळ्यात आधी फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या आणि भरलेल्या कराचा तक्ता) काढा. तुमच्या पॅनवर जो टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच वळता केलेला कर) कापला गेला, त्याच्यासमोर कलम लिहिलेलं असतं. १९२ असेल तर ते पैसे पगार म्हणून दाखवलेले आहेत. १९४जे किंवा १९४सी असेल तर व्यवसायाचं उत्पन्न म्हणून, मग ऑफिसात तुम्हाला टेबल असो, ओळखपत्र असो की रोजची हजेरी असो.

अर्धवेळ काम करणारे बरेच जण इथेच चकित होतात. महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येते म्हणून आपण तिला पगार म्हणतो, पण नेमणुकीच्या पत्रात ‘कन्सल्टंट’ लिहिलेलं असतं. तसं असेल तर फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टीडीएसचा दाखला) मिळत नाही, पगारावरची नव्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत नाही, पीएफही नाही. टीडीएस कापलाच नसेल तर पत्र आणि पगाराची पावती बघा. पुढचं सगळं यावर ठरतं, त्यामुळे हे तपासल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं उत्पन्न मात्र १९६१च्या कायद्यानेच मोजायचं, म्हणून इथे जुनेच क्रमांक वापरले आहेत.)

दोन्ही एकत्र करता येतं का?

आयकर कायद्याची हरकत नाही. हरकत असलीच तर नेमणूकपत्राची असते. त्यातलं ‘अन्य काम करणार नाही’ हे कलम वाचा आणि परवानगी तोंडी न घेता ईमेलवर घ्या. सरकारी कर्मचाऱ्यांना खासगी व्यवसायासाठी आधी मंजुरी लागते. अधूनमधून केलेल्या साहित्यिक किंवा कलाविषयक कामाला केंद्राच्या वर्तणूक नियमांत सवलत आहे. वकिलांचं उलटं आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली थांबवावी लागते.

आयटीआर-४ की आयटीआर-३?

आयटीआर म्हणजे आयकर रिटर्नचा फॉर्म. पगारासोबत फ्रीलान्स उत्पन्न असेल तर आयटीआर-१ विसरा. अंदाजित उत्पन्नाची सोय घेत असाल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. कंपनीत संचालक असाल किंवा परदेशात खातं असेल तर तो चालत नाही. प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा दाखवायचा असेल तर आयटीआर-३, आणि मग हिशेबाच्या वह्या नीट हव्यात.

अंदाजित उत्पन्नाची सोय म्हणजे कलम ४४एडीए : वर्षभराच्या जमेतली निम्मी रक्कम नफा धरायची, खर्चाची एकही पावती दाखवायची नाही. जमेची मर्यादा ५० लाख, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. सोय इतकी छान आहे की जो तो स्वतःला त्यात बसवतो. पण तिला ठरावीक व्यवसायांची यादी आहे : वैद्यकीय, कायदा, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी आणि चित्रपट कलाकार वगैरे. गंमत अशी की ‘चित्रपट कलाकार’ या शब्दात पटकथा आणि संवाद लिहिणाराही येतो, पण कंपन्यांची माहितीपत्रकं भाषांतरित करणाऱ्याचं नाव यादीत कुठेच नाही. तुमचं काम यादीत स्पष्ट बसत नसेल तर सीएला विचारूनच पुढे जा.

एक हिशेब मांडतो. पगार महिना २५,००० म्हणजे वर्षाचे ३ लाख. यादीतल्या व्यवसायातून फ्रीलान्सची जमा ६ लाख. पगारातून ७५,००० वजा जाता उरले २,२५,०००. फ्रीलान्सचे निम्मे ३,००,०००. एकूण ५,२५,०००. नव्या करप्रणालीत ४ लाखांवरच्या रकमेला ५ टक्के म्हणजे ६,२५० रुपये कर येतो आणि कलम ८७एच्या सवलतीत तोही शून्य होतो. ग्राहकांनी मात्र १० टक्क्यांनी ६०,००० रुपये कापून ठेवलेले असू शकतात. ते परत मिळवायचे तर रिटर्न भरावंच लागतं. टीडीएस २५,००० च्या पुढे गेला असेल तर रिटर्न तसंही सक्तीचं आहे.

करप्रणाली निवडताना सावध

नुसता पगार असलेल्याला दरवर्षी जुनी की नवी हे बदलता येतं. व्यवसायाचं उत्पन्न आलं की ती मुभा जाते. जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीआधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या प्रणालीत परतलात की व्यवसायाचं उत्पन्न सुरू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. गृहकर्ज किंवा ८०सीच्या गुंतवणुकीवरच्या वजावटीवर (त्या मुख्यतः जुन्या प्रणालीत मिळतात) भिस्त असलेल्यांनी हा निर्णय घाईत घेऊ नये.

टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा जास्त येत असेल तर आगाऊ कर भरायचा. ४४एडीएवाल्यांना १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात चालतो. बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखा पाळाव्या लागतात. आणखी एक वाट आहे. बाहेरचं उत्पन्न नोकरीच्या ठिकाणी कळवून पगारातूनच जादा टीडीएस कापून घेता येतो. मात्र त्यात तुमची बाहेरची कमाई लेखा विभागाला कळते, तेव्हा विचार करून.

इतर नोंदण्या

जीएसटीसाठी सेवांची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला २० लाख. पगार त्यात मोजायचा नाही, कारण नोकराने मालकाला दिलेली सेवा जीएसटीत पुरवठा धरली जात नाही. परदेशी ग्राहकांची बिलं मात्र मोजायची. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज. व्यवसाय कर (प्रोफेशन टॅक्स) नोकरीतून कापला जात असेल तर पावत्या जपून ठेवा. राज्यघटनेनुसार तो एका माणसाकडून वर्षाला २,५०० च्या वर घेता येत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सक्तीची नाही, पण माझ्या मते करावीच. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर ती सरकारी नव्हेत. नोंदणी असली की ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत बिल चुकतं करावं लागतं, आणि थकवलं तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

जवळ काय हवं

आधारशी जोडलेलं पॅन, नोकरीचा फॉर्म १६, प्रत्येक ग्राहकाकडून फॉर्म १६ए (त्याने कापलेल्या टीडीएसचा दाखला), २६एएस आणि एआयएस (तुमच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं आयकर विभागाकडचं वार्षिक विवरण), सगळ्या खात्यांची विवरणं, क्रमांक घातलेली बिलं. परदेशातून पैसे आले असतील तर बँकेचा परकीय रकमेचा दाखला. एआयएसमधली रक्कम आणि तुमची बिलं जुळत नसतील तर आधी तिथे प्रतिसाद नोंदवा, नोटिशीची वाट पाहू नका.

रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर भरलेलं रिटर्न वैध धरलं जात नाही, आणि परताव्याचे पैसेही अडकून पडतात.