पहिल्या उड्डाणाची धाकधूक

13 ऑक्टोबर 2024, रविवार. आदल्या दिवशी दसरा झालेला. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी सहाच्या सुमारास चहा तसाच निवत होता. टीव्हीवर टेक्सासच्या किनाऱ्यावरून स्पेसएक्स कंपनीचे महाकाय रॉकेट स्टारशिप सुटले आणि सातएक मिनिटांनी त्याचा 71 मीटर उंच बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, परत आला, ज्या मनोऱ्याजवळून उडाला होता त्याच्याच पोलादी हातांत विसावला. देवापुढे दिवा लावायला उठलेली आई काडेपेटी हातात धरून तशीच उभी राहिली.

ते पाचवे चाचणी उड्डाण होते. 20 एप्रिल 2023 च्या पहिल्या उड्डाणात काही इंजिने चाललीच नाहीत, तळाचे काँक्रीट उखडले आणि चारेक मिनिटांत रॉकेट नष्ट करावे लागले. तेही साऱ्या जगाने थेट पाहिले. हे असे उघड्यावर फसणे पूर्वी सर्रास नव्हते.

16 मार्च 1926 ला रॉबर्ट गोडार्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात द्रव इंधनाचे पहिले रॉकेट उडवले. ते जेमतेम अडीच सेकंद उडाले, साधारण 12 मीटर वर गेले. बघायला गोडार्ड धरून चार माणसे. 9 नोव्हेंबर 1967 ला अमेरिकेचे 111 मीटर उंचीचे चांद्ररॉकेट सॅटर्न-5 पहिल्यांदा उडाले, तेव्हा पत्रकार पाचएक किलोमीटर दूर बसले होते. एवढ्या अंतरावर आवाज पोचायलाच पंधराएक सेकंद लागतात. तो पोचला तेव्हा टीव्हीचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचे प्रक्षेपणाचे केबिन असे हादरले की त्यांना खिडकीची काच हाताने धरून ठेवावी लागली. सोव्हिएत संघाच्या एन-1 या चांद्ररॉकेटची तऱ्हा उलटी. 1969 ते 1972 या काळात ते चारदा उडाले, चारही वेळा फसले, एकदा तर तळावरच कोसळले. त्यांच्या स्वतःच्या जनतेला कित्येक वर्षे याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडची सुरुवात केरळातल्या थुंबाच्या रॉकेट तळावरची. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून सुटलेले नाइकी-अपाची रॉकेट अमेरिकेने दिलेले होते. संध्याकाळच्या आकाशात त्याने सोडलेला सोडियमचा नारिंगी ढग केरळात लोकांनी डोळ्यांनी पाहिला. थुंबाच्या सुरुवातीच्या तुकडीत प्रमोद काळे होते, आमच्या बडोद्यात शिकलेले, सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पुढे ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. बडोद्याच्या मराठी घरांत हे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, असे मला मनापासून वाटते.

10 ऑगस्ट 1979 ला आपले पहिले उपग्रहवाहक एसएलव्ही-3 पाचेक मिनिटांत बंगालच्या उपसागरात पडले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली झडप गळली होती. बाबांनी त्या बातमीचे कात्रण जपून ठेवले आहे. त्याच्या मागे 18 जुलै 1980 च्या यशाचे कात्रण चिकटवलेले आहे. मला ही दोन्ही कात्रणे एकमेकांना चिकटलेलीच बरी वाटतात. पुढे पीएसएलव्ही या नंतरच्या उपग्रहवाहकाचेही तसेच झाले: 1993 मध्ये अपयश, 1994 मध्ये यश.

माझी स्वतःची पहिली धाकधूक 28 मार्च 2001 ची. टीव्हीवर जीएसएलव्ही या आपल्या त्याहून मोठ्या रॉकेटच्या बुडाशी ज्वाळा दिसल्या, धूर झाला आणि रॉकेट जागचे हलले नाही. चार जोड-इंजिनांपैकी एकाचा जोर पुरेसा चढला नाही, म्हणून संगणकाने शेवटच्या सेकंदाला उड्डाण थांबवले होते. घरात कोणी बोलेना. आजोबा एवढेच म्हणाले, "रॉकेट वाचलं ना, मग झालं." ते खरेच वाचले होते. तेच रॉकेट दुरुस्त होऊन 18 एप्रिलला उडाले.

आपले सर्वांत जड रॉकेट एलव्हीएम-3 मात्र 18 डिसेंबर 2014 च्या पहिल्याच चाचणीत सरळ वर गेले. प्रत्येकी सुमारे 200 टन घन इंधनाचे दोन बूस्टर आणि 600 टनांहून जास्त वजन. वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनाचा, टप्पा तेव्हा नुसता वजनापुरता होता, त्याचे इंजिन पेटायचेच नव्हते. खरी परीक्षा 5 जून 2017 ला झाली आणि 2023 मध्ये याच रॉकेटने चांद्रयान-3 नेले.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने पुढच्या पिढीच्या रॉकेटला मंजुरी दिली. पृथ्वीजवळच्या कक्षेत 30 टन नेणारे, पहिला टप्पा परत आणणारे. श्रीहरिकोट्याला 2019 पासून सर्वसामान्यांसाठी गॅलरी आहे. त्या पहिल्या उड्डाणाला मला तिथे बसायचे आहे. आईनेही यायचे कबूल केले आहे.