फायबर प्रवेशजालाचे अर्थकारण

एक्स्चेंजपासून, म्हणजे दूरसंचार कंपनीच्या केंद्रापासून, ग्राहकाच्या घरापर्यंत पसरलेल्या काचतंतूंच्या जाळ्याला फायबर प्रवेशजाल म्हणतात. तंतूचा व्यास जेमतेम १२५ मायक्रोमीटर, आणि त्याची किंमतही एकूण खर्चात किरकोळ. केबल जमिनीखालून न्यायची असेल तर निम्म्याहून अधिक पैसा रस्ता खोदणे, डक्ट (केबल ओवायची नळी) टाकणे, चेंबर (जोडणी-दुरुस्तीसाठीचा खड्डा) बांधणे आणि रस्ता पूर्ववत करणे यांतच जातो.

नागपूरचे उदाहरण घेऊ. हे शहर दख्खनच्या बेसाल्टी पठाराच्या पूर्व कडेवर वसले आहे. शहराच्या पश्चिम भागात बेसाल्टचा कातळ, तर पूर्वेकडे त्याहून जुने स्फटिकी खडक लागतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यात उथळ पुरलेला डक्ट जागेवर राहत नाही. त्यात गेल्या काही वर्षांत शहरातले अनेक डांबरी रस्ते सिमेंटचे झाले. डांबर कापून बुजवता येते, सिमेंटचा रस्ता कापला की तो पूर्वीसारखा होत नाही. म्हणून यंत्राने रस्त्याखालून आडवे भोक पाडावे लागते. ते महाग पडते, शिवाय जुन्या जलवाहिनीला धक्का लागण्याची भीती असतेच. काँक्रीट ओतण्याआधी रस्त्याच्या कडेला रिकामे डक्ट टाकून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. ही संधी एका रस्त्याला कित्येक वर्षांतून एकदाच मिळते, आणि ती दवडली की त्याची किंमत पुढे प्रत्येक जोडणीत भरावी लागते.

दुसरा प्रश्न घरांचा. गल्लीतून केबल नेण्याचा खर्च किती घरांनी जोडणी घेतली यावर अवलंबून नसतो. समजा, १०० घरांच्या गल्लीत १ लाख रुपये लागले. ५० घरांनी जोडणी घेतली तर दर घरामागे २,००० रुपये पडतात, २० घरांनी घेतली तर ५,०००. त्याच गल्लीत दुसऱ्या कंपनीने आपली केबल टाकली आणि ५० ग्राहक निम्मे-निम्मे वाटले गेले, तर दोघींनाही ४,००० रुपये पडतात. घरातली जोडणी आणि ओएनटी (ग्राहकाच्या घरात बसणारे फायबरचे उपकरण) यांचा खर्च याहून वेगळा, पण तो ग्राहक आल्यावरच होतो. म्हणून एकाच गल्लीत तीन-तीन केबली टाकण्यापेक्षा डक्ट सामायिक असणे शहराच्या हिताचे आहे, स्पर्धा सेवेत असावी.

नागपूरच्या महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांत घरे भिंतीला भिंत लागून. थोड्या मीटरांत पुष्कळ दारे येतात, पण अरुंद गल्लीत खोदायला जागा नाही. बेसा-मानेवाड्याकडच्या नव्या लेआउटमध्ये खोदायला जागा आहे, पण रिकाम्या प्लॉटसमोरून नेलेल्या केबलचे पैसे घर बांधले जाईपर्यंत अडकून पडतात. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी केबल खांबावरूनच जाते. तसे उभारणे स्वस्त, पण वादळात फांदी पडली की तुटते आणि दुरुस्तीचा खर्च वाढत राहतो. केबल टीव्हीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात, २०१३ साली, नागपूरचा समावेश होता. केबलवाल्यांकडे गल्लीतला मार्ग, घरोघरची ओळख आणि दरमहा वसुलीची सवय आधीच होती. लास्ट माइलला, म्हणजे ग्राहकाच्या दारापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला, हे भांडवलच ठरते.

जीपॉन या एक तंतू अनेक घरांत वाटण्याच्या पद्धतीत एक्स्चेंजमधल्या ओएलटी या मुख्य उपकरणाचे एक पोर्ट स्प्लिटरने (प्रकाश विभागणाऱ्या जोडणीने) ३२ किंवा ६४ घरांत वाटले जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही, थंडावाही लागत नाही. मात्र १:३२ वाटणीत प्रकाश सुमारे १७ डेसिबलने (घट मोजण्याच्या एककाने) कमी होतो. २० किलोमीटर तंतूत आणखी सुमारे ७. नेहमीच्या उपकरणांना २८ डेसिबलपर्यंतची घट चालते, त्यामुळे वाटणी वाढवली की अंतर घटते. पोर्टचा २.५ गिगाबिटचा वेग सगळ्या घरांत वाटला जातो. वेग वाढवायचा झाल्यास दोन्ही टोकांची उपकरणे बदलतात, जमिनीतली केबल तीच राहते. म्हणूनच फायबरचा हिशेब दोन-तीन वर्षांच्या वसुलीवर नव्हे, दशकांच्या मुदतीवर मांडावा लागतो, आणि व्याजदर त्यात निर्णायक ठरतो.

मार्गहक्काची, म्हणजे रस्त्यातून किंवा जागेतून केबल नेण्याच्या परवानगीची, प्रक्रिया सोपी करण्यासाठी २०१६ साली केंद्राने नियम केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. पुढे ती भारतनेट नावाने चालली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमाला १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. पण पंचायतीच्या दारापासून नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्राबागेतल्या एकट्या घरापर्यंतचे शेवटचे अंतर उरतेच, आणि तिथे एका जोडणीसाठी इतवारीतल्या अख्ख्या गल्लीइतकी केबल लागू शकते.