थकलेला पगार: तक्रार वेगळी, दावा वेगळा

“दोन म्हयन्यांचो पगार गावाक नाय (मिळाला नाही), एक अर्ज करून द्या.” कुडाळात माझं टायपिंगचं टेबल आहे, आणि हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात. मे-जूनचे पैसे शेट “चवथीआधी देतंय” म्हणून लांबवतो. चवथ तोंडावर येते, गणपतीवरची माटवी सजवायची वेळ होते, पैसे मात्र येत नाहीत. मग माणसं अर्जाला येतात. मी त्यांना आधी एक प्रश्न विचारते: शेटला दंड झालेला बघायचाय, की तुमचे पैसे हवेत? बहुतेक जण हसून “दोन्ही” म्हणतात.

दोन्ही मागता येतं, पण एका कागदावर नाही. तक्रार म्हणजे ‘या मालकाने कायदा मोडलाय, बघा’ असं सरकारला कळवणं. निरीक्षक येतो, रजिस्टर बघतो, मालकाला दंड होऊ शकतो. तो दंड सरकारजमा होतो, त्यातला रुपयाही कामगाराच्या हातात येत नाही. दावा म्हणजे ‘अमुक महिन्यांचे माझे इतके रुपये येणे आहेत, ते मिळवून द्या’ अशी मागणी. ती ऐकायला सरकारने नेमलेला राजपत्रित अधिकारी असतो. तो थकलेली रक्कम देण्याचा आदेश देतो, शिवाय तिच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावू शकतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आधी कुठेतरी तक्रार करून ठेवलेली असते आणि पैशांची वाट बघत सहा-सहा महिने घालवलेले असतात. तक्रार चुकीची नसते, पण तिच्यातून पैसे निघत नाहीत.

कायदा कुठला, ते थोडक्यात. लोक अजून ‘पेमेंट ऑफ वेजेस’ म्हणतात. तो १९३६चा अधिनियम, १९४८चा किमान वेतनाचा, १९६५चा बोनसचा आणि १९७६चा समान वेतनाचा, असे चार कायदे एकत्र करून वेतन संहिता, २०१९ झाली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. जुन्या वेतन कायद्यात महिना २४,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यालाच दाद मागता येत होती. ती मर्यादा आता गेली. हॉटेलचा मॅनेजरही येऊ शकतो आणि भांडी घासणारा पोरगाही.

पगार कधी झालाच पाहिजे

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. आठवड्याचा हिशेब असेल तर सुट्टीच्या आधी, त्या आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांत. रोजावरचा असेल तर पाळी सुटताना. मालकाला महिन्याहून मोठा हिशेब धरताच येत नाही, त्यामुळे ‘सीझन संपला की एकदम देतो’ हा बागेतला जुना रिवाज कायद्यात बसत नाही. काम सोडलं, काढून टाकलं किंवा कारखानाच बंद पडला, तर उरलेले पैसे कामाच्या दोन दिवसांत. या शेवटच्या नियमाचं नाव काढलं की शेट मंडळी चकित होतात. त्यांचा समज असा की मधेच सोडून गेलेल्याचा पगार रोखून ठेवणं हा त्यांचा हक्कच आहे.

पैसे रोख, चेकने किंवा खात्यात कसेही चालतात. पगाराची चिठ्ठी मात्र द्यायची असते.

हे आपल्याला लागू आहे का

मजुरी घेऊन काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. लोट्याच्या एमआयडीसीतला ऑपरेटर, तारकर्लीच्या हॉटेलातली पोरं, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातल्या बायका, देवगडच्या हापूसच्या बागेतला राखणदार, सगळे आले. राखणदार नेपाळचा असला तरी फरक पडत नाही, कारण व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. बोटीवरच्या खलाशाचं मात्र नीट बघावं लागतं. ठरलेल्या पगारावर जाणारा खलाशी कामगारच. पण नुसत्या वाट्यावर जाणारा म्हणजे मिळालेल्या मासळीत भागीदार, असं मालक म्हणणार, आणि तिथे वाद आहे. म्हणून अर्जात ‘पगार’ की ‘वाटा’ हा शब्द खरा आणि विचार करून लिहायचा. ३१ मेला बोटी किनाऱ्याला लागतात, दोन महिने बंदी असते, आणि हिशेब राहिला तो राहिला असं होतं. खलाशाने गावी जायच्या आधी अर्ज टाकलेला बरा.

कोकण रेल्वेच्या स्टेशनवरचा सफाई कामगार, बँकेतला कंत्राटी शिपाई यांच्यासाठी ‘सरकार’ म्हणजे केंद्र सरकार. त्यांचा अर्ज राज्याच्या कामगार कार्यालयात नाही, केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे जातो. हे न कळल्यामुळे हेलपाटा पडतो.

कपात: खरी भानगड इथे

पूर्ण पगार बुडवणारे मालक त्या मानाने कमी. जास्त बुडतं ते कपातीत. गेल्या वर्षी नऊ बायका एकत्र आल्या होत्या, काजूच्या. त्यांच्यातल्या एकीने भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळी करून आणलं होतं. रोजच्या चौकटीत पेन्सिलीने किलो लिहिलेले: ६, ७॥, ५, मधेच ‘बी नाय’, मधेच ‘लाइट नाय’. चिठ्ठी कुणालाच मिळत नव्हती. तिचं कॅलेंडर आणि बँकेत जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवली तर दर महिन्याला आठशे-नऊशेचा फरक निघत होता. शेटचं म्हणणं, तो ‘तुकड्या’चा. म्हणजे सोलताना गर फुटला, त्याचं नुकसान.

नुकसानीची कपात कायद्यात आहे, हे खरं. पण माल त्या व्यक्तीच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा, नुकसान तिच्या हयगयीने झालेलं असावं, तिला बोलायची संधी दिलेली असावी, आणि कपात रजिस्टरला चढलेली असावी. सरसकट सगळ्यांच्या पगारातून ठोक रक्कम उचलायची, ही कपात नव्हे. दंडाचंही तसंच. कोणत्या चुकीला दंड हे आधी सरकारची मान्यता घेऊन नोटीस लावून ठेवायचं, आणि एका पगारातून तीन टक्क्यांच्या वर घ्यायचा नाही. बारा हजार पगार असेल तर ३६० रुपये, बस्स. तोही मालकाच्या खिशात जात नाही, कामगारांच्या भल्यासाठीच खर्चायचा असतो. पंधरा वर्षांखालच्याला दंड लावताच येत नाही, आणि कुणाचाही दंड हप्त्याने घेता येत नाही.

सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. उचल यातच येते. कामावर येण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण पगारातून वळती करता येते. पण गावाहून येण्यासाठी दिलेला वाटखर्च कधीच वळता करता येत नाही. बागायतदारांनी आणि बोटमालकांनी हे वाक्य दोनदा वाचावं. नेपाळहून येणाऱ्याच्या बसभाड्याचे पैसे मार्चपर्यंत कापत राहणं इकडे इतकं रूढ आहे की ते चूक आहे हेच कुणाला वाटत नाही.

‘लाइट नाय’ची गोष्ट राहिली. ज्याचं किमान वेतन दिवसाच्या दराने ठरलंय तो कामाला आला आणि मालकाकडे कामच नव्हतं, तर त्याला पूर्ण दिवसाचा पगार. नगावर किंवा किलोवर काम असलं आणि त्या कामाला सरकारने फक्त वेळेचा किमान दर ठरवला असला, तर किलोचा हिशेब त्या दराच्या खाली जाऊ शकत नाही. किमान दर उद्योगाप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे (सरकारने पाडलेल्या भागाप्रमाणे) असतात, आणि त्यावरचा विशेष भत्ता जानेवारी व जुलैत बदलतो. म्हणून दावा लिहिताना त्या सहामाहीचा तक्ता बघायचा, शेजारणीने सांगितलेला आकडा नव्हे. एकाच कामाला गड्याला एक दर आणि बाईला दुसरा, हेही चालत नाही.

दावा कसा टाकायचा

मुदत आता तीन वर्षांची आहे, पूर्वी एक होती. त्यानंतरही सबळ कारण दाखवलं तर अधिकारी अर्ज घेऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, नोंदणीकृत कामगार संघटना करू शकते किंवा निरीक्षक करू शकतो. कितीही कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो. त्या नऊ जणींचा आम्ही एकच केला, मागे प्रत्येकीचा हिशेब वेगळ्या तक्त्यात. एकटीने जायला धीर होत नसेल तर हा मार्ग चांगला.

जायचं जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात. सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला, रत्नागिरीवाल्यांनी रत्नागिरीला. तिथे चौकशीच्या खिडकीवर ‘वेतनाचा दावा दाखल करायचा आहे’ असं म्हणा. नुसतं ‘तक्रार आहे’ म्हणालात तर तक्रारीचाच कागद हातात पडतो.

अर्जात लांबलचक गाऱ्हाणं नको. मालकाचं आणि आस्थापनेचं नाव-पत्ता, कामावर लागल्याची तारीख, काम काय, ठरलेला पगार किती, कोणत्या महिन्यांचा किती मिळाला, किती राहिला, आणि मागणी. मागणीत थकीत रक्कम आणि नुकसानभरपाई या दोन ओळी वेगळ्या लिहायच्या. दोन महिन्यांचे २८,००० थकले असतील तर भरपाईची वरची मर्यादा २,८०,००० होते. किती पट द्यायची हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, पण मागितलंच नाही तर त्याच्यापुढे विषयच येत नाही.

कागदांचं लोक फार मनावर घेतात. “माझ्याकडे नेमणूकपत्र नाय” म्हणून परत जाणारे मी पाहिलेत. कायद्याने पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकलाय. तुम्ही तिथे काम करत होतात, एवढं मात्र तुम्हाला दाखवावं लागतं, आणि त्याला बरंच काही चालतं. ओळखपत्र किंवा गेटपास, बँकेचं पासबुक, फोनवर आलेले जमा झाल्याचे मेसेज, शेटचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा “उद्या सकाळी लवकर ये”, हजेरीच्या पानाचा काढून ठेवलेला फोटो, कंपनीच्या कपड्यातला फोटो, बरोबरच्या दोघांचे जबाब. आणि हो, कॅलेंडर. सोबत आधारची प्रत आणि खातं नंबर. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तारीख दिसेल अशा बेताने छापून आणा, आणि फोन बदलला तरी जुना फोन विकू नका.

मधे ठेकेदार असेल तर अर्जात ठेकेदार आणि ज्याच्या जागेत काम केलं ती कंपनी, दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा ते) करा. ठेकेदाराने दिले नाहीत तर पगाराची जबाबदारी आस्थापनेच्या मालकावर येते. ठेकेदार पळाला म्हणून रडत बसलेल्यांना हे सांगितलं की चेहराच बदलतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मालकाला काय होऊ शकतं

देणं आहे त्याहून कमी दिलं तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतर तरतुदी मोडल्या तर २०,०००, आणि पाच वर्षांत पुन्हा तसंच झालं तर महिनाभरापर्यंत कैद किंवा ४०,००० किंवा दोन्ही. रजिस्टर नीट ठेवलं नाही तर १०,०००. पहिल्या खेपेला कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून तडजोड करता येते. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर ती सोय नाही. माझ्या मते पहिल्या वेळची ही सवलत जरा जास्तच सैल आहे, पण आहे ती अशी आहे.

लहान मालकांना एक सांगायचंय, कारण तेही माझ्या टेबलावर येतात, नोटीस हातात घेऊन, घाबरून. शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला रजिस्टरची सक्ती नाही. पण निरीक्षकाने मागितलं तर पगार दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागतो. रोख देता, सही घेत नाही, मग वर्षाने कामगार “दिलेच नाहीत” म्हणाला तर काय दाखवणार? शंभर पानी वही घ्या. तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा. नाहीतर सरळ फोनवरून पाठवा, नोंद आपोआप राहते.

निकालानंतर

दावा तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलंय. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील. आणि आदेश होऊनही शेटने पैसे दिले नाहीत, तर अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठवतो, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणून अर्जात शेटचा पत्ता लिहिताना कारखान्याचा गट नंबर माहीत असेल तर तोही घाला. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. त्या नऊ जणींपैकी कॅलेंडरवालीने पोचेची प्रत नीट घडी घालून कॅलेंडरातच गुंडाळली आणि दुपारच्या एसटीने वेंगुर्ल्याला गेली.