गादीत धुमसणारं थोटूक

पेटती सिगारेट सोफ्याच्या फटीत पडली की लगेच जाळ होत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. थोटकाच्या विस्तवानं कापूस नाहीतर फोम ज्वाळेविना धुमसू लागतो. हे कधी तासन् तास चालतं. खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्ध पडतो. धुराच्या वासानं जाग येईल, या भरवशावर राहू नये. मग भडका उडतो, आणि पॉलियुरेथेन फोम पेटला की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही हवेत मिसळतो.

अमेरिकेत 2012 ते 2016 या काळात घरांना लागलेल्या आगींपैकी जेमतेम 5 टक्के आगी धूम्रपानामुळे लागल्या. बळी मात्र वर्षाला सरासरी 590, म्हणजे घरातल्या आगीत गेलेल्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा.

आपली विडी झुरके थांबले की बहुधा विझते. सिगारेट एकसारखी जळत राहावी म्हणून तिच्या कागदात सायट्रेटसारखे क्षार घालतात. उपायही कागदातच सापडला. ठरावीक अंतरावर कमी सच्छिद्र पट्टे दिले, की ओढणं थांबल्यावर विस्तव पट्ट्यापाशी येतो, हवा कमी पडते आणि तो विझतो. चाचणीत 40 सिगारेटी गाळणकागदाच्या थरांवर जळत ठेवतात. 10 पेक्षा जास्त शेवटपर्यंत जळाल्या तर तो ब्रँड नापास.

1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका घराच्या आगीत एक कुटुंब गेलं, तेव्हापासून तिथले खासदार जो मोक्ली अशा सिगारेटच्या कायद्यासाठी झगडत होते. हे तंत्रदृष्ट्या शक्य आहे, असं सरकारी अभ्यासगटानं 1987 मध्येच सांगितलं. कंपन्या चव आणि ग्राहकांची नापसंती पुढे करत राहिल्या. न्यूयॉर्क राज्याचा पहिला नियम 2004 मध्ये लागू झाला, कॅनडाचा 2005 मध्ये, युरोपीय संघाचा 2011 मध्ये. मोक्ली 2001 मध्येच वारले होते. शक्य असलेल्या गोष्टीला 17 वर्षं लागली, हे मला अक्षम्य वाटतं.

अर्थात पट्ट्यांची सिगारेटही दर वेळी विझतेच असं नाही. अंथरुणात ओढू नये, घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाजवळ तर मुळीच नको. थोटूक कचऱ्यात टाकण्याआधी पाण्यात बुडवावं. धूर ओळखणारा अलार्म घ्यायचा तर प्रकाशकिरणावर चालणारा घ्यावा. धुमसणारी आग तो लवकर पकडतो.