गव्हाणीतला नाताळ, बर्फातला नाताळ

नोव्हेंबर अर्धा सरला की अमेरिकेतली अनेक एफएम केंद्रे बाकीची गाणी गुंडाळून ठेवतात आणि दिवसरात्र नाताळगीतेच लावतात. त्यात सांताक्लॉज असतो, घंटा असतात, बर्फ तर ढीगभर. गव्हाणीतला बाळ येशू मात्र अधूनमधूनच भेटतो. नाताळातून ख्रिस्तालाच बाहेर काढले, अशी तक्रार तिथे दरवर्षी होते. (आपल्याकडे दिवाळीची गाणी फक्त फराळाचीच उरली आणि नरकासुर गायब झाला, तर होईल तशी.) पण त्याला कुणी ठरवून काढलेले नाही.

सुरुवातीला रेडिओ चर्चचे बोट धरूनच चालला. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधली बायबलच्या नऊ वाचनांची आणि गीतांची नाताळची उपासना बीबीसीने १९२८ साली पहिल्यांदा ऐकवली. १९३० चा अपवाद सोडला तर ती दरवर्षी लागते. महायुद्धात चॅपेलच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या, उबेची सोय नाही, सुरक्षेपायी निवेदनात कॉलेजचे नावही घ्यायचे नाही. तरी प्रक्षेपण चुकले नाही.

अमेरिकेतला रेडिओ जाहिरातींवर जगणारा. चीज किंवा साबण विकणाऱ्याला कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू असे सगळेच गिऱ्हाईक हवे, आणि सांताला कुणाची हरकत नसते. सांता गावात येतोय, हे गाणे १९३४ च्या नोव्हेंबरात रेडिओवर गायले ते एडी कँटरने. तो स्वतः ज्यू होता.

खरे वळण १९४१ चे. त्या जानेवारीत गीतकार-संगीतकारांची संस्था ॲस्कॅप आणि रेडिओवाले यांचे मानधनावरून वाजले, आणि मोठ्या नेटवर्कांनी ॲस्कॅपची गाणी बंदच केली. मग स्वामित्व हक्क संपलेल्या जुन्या चाली दळत बसावे लागले. ऑक्टोबरच्या शेवटाला तडजोड झाली. ती न होती तर त्या डिसेंबरात जुनी चर्चगीते भरपूर ऐकू आली असती आणि गीतकार आयर्विंग बर्लिनचे 'व्हाइट ख्रिसमस' अडकून पडले असते, कारण बर्लिन ॲस्कॅपच्या संस्थापक सदस्यांपैकी. २५ डिसेंबरला, पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर तीन आठवडेही झालेले नसताना, गायक बिंग क्रॉस्बीने ते एनबीसी या नेटवर्कवर गायले.

बर्लिन रशियन साम्राज्यात जन्मलेला ज्यू. त्याचा तान्हा मुलगा १९२८ च्या नाताळच्याच दिवशी गेला होता. गाण्यात येशू नाही, चर्च नाही. दूर राहिलेल्या बर्फाची ओढ आहे. मूळ प्रस्तावनेच्या कडव्यात तर लॉस एंजेलिसचे ऊन आणि ताडाची झाडे होती. ते पुढे गळले आणि ओढ तेवढी राहिली. परमुलखात लढणाऱ्या सैनिकांनी सैन्याच्या रेडिओकडे याच गाण्याची फर्माईश लावून धरली. तबकड्या छापून छापून मूळ साचा झिजला, तेव्हा १९४७ मध्ये क्रॉस्बीला ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. माझ्या मते निधर्मी नाताळगीताला रेडिओवर कायमची जागा इथे मिळाली. त्यानंतर रांगच लागली. 'लेट इट स्नो' १९४५ च्या जुलैत, हॉलिवूडच्या उकाड्यात लिहिले गेले. १९४९ चे लाल नाकाच्या रेनडियरचे गाणे एका दुकानाच्या जाहिरातपुस्तिकेतून आले.

याच क्रॉस्बीला १९३०च्या दशकात 'सायलेंट नाईट' गाऊन पैसे कमवणे मात्र पटत नव्हते. देवाच्या गाण्याचे पैसे कसे घ्यायचे, ही अडचण! शेवटी १९३५ चे ते ध्वनिमुद्रण धर्मादाय कामासाठी झाले.

पावित्र्यावरून मोठे भांडण पेटले ते १९५७ साली, आणि गंमत म्हणजे निधर्मी गाण्यावरून. एल्व्हिस प्रेस्लीने नाताळची एलपी काढली. एका बाजूला सांता आणि बर्फ, दुसऱ्या बाजूला बेथलेहेम आणि भक्तिगीते. दोन्ही नाताळ एकाच तबकडीवर, फक्त उलटायची खोटी. त्यात 'व्हाइट ख्रिसमस'ही होते. बर्लिनला आपल्या गाण्याचे ते रूप इतके लागले की रेडिओ केंद्रांनी ते लावू नये म्हणून त्याने खटपट केली. बहुतेकांनी दाद दिली नाही, पण पोर्टलंडच्या एका निवेदकाची ते वाजवल्यावरून नोकरी गेली.

महिनाभर नुसती नाताळगीते लावण्याची पद्धत १९९० च्या दशकात फिनिक्सच्या केईझेडसारख्या केंद्रांनी रुळवली आणि २००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर ती झपाट्याने पसरली. जुन्या चर्चगीतांच्या शब्द-चालीवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण केंद्रे वर्षाचा ठोक परवाना घेत असल्याने ती लावून पैसे वाचतात असेही नाही. श्रोता स्टेशन बदलणार नाही ते लावायचे, एवढाच हिशेब. मराया कॅरीचे १९९४ चे 'ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू' हे गाणे २०१९ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले आले. त्यातही मागणे आहे, पण ते प्रियकराचे.