एल-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल आणि हृदयविफलतेची प्राणी-प्रतिमाने

हृदयस्नायूच्या पेशीपटलातील विद्युत्‌संवेदी प्रथिन. प्रत्येक ठोक्याला ते क्षणभर उघडते आणि बाहेरचे थोडे कॅल्शियम आत येऊ देते. तेवढ्यानेच पेशीतला मोठा साठा मोकळा होतो व स्नायू आकुंचन पावतो. हृदयविफलतेत ही साखळी नेमकी कुठे तुटते, याचे ज्ञान बहुतांशी उंदीर, ससे, कुत्री यांच्या हृदयांवरून मिळाले आहे. आजार मुद्दाम घडवलेल्या अशा प्राण्यांनाच ‘प्रतिमाने’ म्हणतात.

सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले, की नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचे हृदय धडधडत राहते, ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात मात्र ते थांबते. फरक कॅल्शियमचा होता.

विश्रांतीत पेशीद्रवातील कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर असते. पेशीबाहेर ते दहा हजार पटींहून अधिक असते. पेशीपटल ठिकठिकाणी खोल आत वळून टी-नलिका बनवते. या नलिकांच्या भिंतीत एल-प्रकारचे चॅनेल (मुख्य घटक सीएव्ही १.२) असतात. त्यांच्या समोर, अवघ्या १२ ते १५ नॅनोमीटरवर, सार्कोप्लाझ्मिक जाळ्यातील, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यातील, रायनोडीन ग्राही ही साठ्याची दारे असतात. चॅनेलमधून आलेले कॅल्शियम या ग्राहींना उघडते. एका ठिकाणच्या ग्राहींच्या गटातून होणारा उत्सर्ग, म्हणजे ‘कॅल्शियम ठिणगी’, १९९३ मध्ये प्रथम टिपली गेली. हजारो ठिणग्या एकदम पडल्या, तरच ठोका जोरकस होतो.

शिथिल होताना कॅल्शियम परत उचलावे लागते, आणि इथे प्राण्याप्राण्यांत मोठा फरक आहे. घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील उंदरात (रॅट) सुमारे ९२ टक्के कॅल्शियम सर्का-२ए हा पंप जाळ्यात परत ओढतो आणि ७ टक्के सोडियम-कॅल्शियम विनिमयक पेशीबाहेर टाकतो. सशात हेच प्रमाण सुमारे ७० आणि २८ टक्के असते, आणि माणूस सशाच्या जवळचा आहे. शिवाय लहान उंदराचे (माउस) हृदय मिनिटाला ५०० ते ६०० वेळा धडधडते व त्याच्या विद्युत्‌विभवाला माणसासारखा लांब पठारी टप्पा (ठोक्यावेळी विभव काही काळ स्थिर राहण्याचा) नसतो. जनुकबदल करायचा तर उंदीर सोयीचा. चॅनेलचा प्रवाह किती वेळ टिकतो हा प्रश्न असेल, तर ससा किंवा कुत्रा घेणेच योग्य.

उंदरात सर्वाधिक वापरले जाणारे प्रतिमान म्हणजे महाधमनीची कमान आवळणे. कमानीतून निघणाऱ्या पहिल्या दोन शाखांच्या मधल्या भागावर २७ गेजची सुई ठेवून रेशमी धागा सुईसकट बांधतात आणि सुई लगेच काढून घेतात. उरते ती सुमारे ०.४ मिलिमीटरची वाट. सुई एकच असली तरी वजनाने मोठ्या असलेल्या उंदरात आवळणी अधिक घट्ट ठरते, म्हणून वजने सारखी ठेवावी लागतात. गाठ सैल पडली, तर हृदय जाड होते पण विफल होत नाही. उजव्या व डाव्या ग्रीवा धमन्यांतील रक्तवेग डॉप्लरने ताडून आवळणीची खात्री करतात. ही तपासणी वगळलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष जपूनच वाचावेत. कुत्र्यात पेसमेकरने मिनिटाला २१० ते २४० ठोके तीन-चार आठवडे दिले, की हृदय फुगते व दुबळे होते. मात्र पेसिंग थांबवताच ते बरेचसे सावरते. डाल जातीच्या मीठसंवेदी रॅटला ८ टक्के मिठाचा आहार दिला, तर उच्च रक्तदाबामागून विफलता येते.

याच मीठसंवेदी आणि आनुवंशिक उच्च रक्तदाबाच्या रॅटवरील १९९७ च्या अभ्यासाने विषयाला वळण दिले. चॅनेलच्या प्रवाहाची घनता जवळजवळ पूर्वीइतकीच होती, ग्राहीही शाबूत होते, तरी तेवढ्याच प्रवाहातून कमी ठिणग्या पडत होत्या. दोष दोघांमधल्या अंतरात असावा, असा तर्क निघाला. पुढे विफल पेशींत टी-नलिका विस्कटलेल्या, काही ठिकाणी नाहीशा झालेल्या आढळल्या. नलिका व जाळे यांना जोडून ठेवणारे जंक्टोफिलिन-२ हे प्रथिनही घटलेले असते. समोर चॅनेल न उरलेले ग्राही शेजारच्या ठिणगीची वाट पाहतात, उशिरा उघडतात, आणि आकुंचन एकसंध राहत नाही. त्यातच सर्का-२ए घटल्याने साठा अपुरा भरतो, आणि कॅमकेआयआय या एन्झाइमच्या अतिक्रियेने ग्राहींतून कॅल्शियम झिरपू लागते.

मग काही प्रयोगांत प्रवाह घटलेला आणि काहींत तेवढाच का दिसतो? बरेचदा उत्तर मोजणीत असते. प्रवाह पेशीच्या धारकतेने (विद्युत्भार साठवण्याची क्षमता; ती पेशीपटलाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते) भागून पिकोअँपिअर प्रति पिकोफॅरड असा देतात. १,५०० पिकोअँपिअर प्रवाह १५० पिकोफॅरडच्या पेशीत १० भरतो. पेशी फुगून २५० पिकोफॅरड झाली, तर एकही चॅनेल न गमावता तो ६ वर येतो. उलट नलिका नाहीशा झाल्या, तर धारकताही घटते आणि चॅनेलची घट झाकली जाते. म्हणून भागाकाराबरोबर दोन्ही मूळ आकडे द्यायलाच हवेत.

पेशी सुट्या करताना हृदय महाधमनीतून लटकवून ३७ अंश सेल्सिअसला कॅल्शियमविरहित द्रावण व मग पेशींना जोडणारे तंतू तोडणारे कोलॅजिनेज हे एन्झाइम सोडतात. नंतर कॅल्शियम टप्प्याटप्प्याने वाढवतात. एकदम दिले, तर पेशी आखडून गोळा होतात व मरतात. प्रवाह मोजण्यासाठी पेशीला जोडलेल्या काचेच्या बारीक पिपेटमध्ये सीझियम घालून पोटॅशियमचा प्रवाह रोखतात, −४० मिलिव्होल्टवर थांबून सोडियम चॅनेल निष्क्रिय करतात आणि मग ० ते +१० मिलिव्होल्टची पायरी देतात. वेळ जाईल तसा प्रवाह आपोआप ओसरतो. पिपेटमध्ये एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य नसेल, तर हा ओसर आणखी वेगाने होतो, आणि तो आजाराचा परिणाम समजला जाण्याचा धोका असतो.

चॅनेल नुसते वाढवून किंवा कमी करून भागत नाही. सीएव्ही १.२ जास्त बनवणाऱ्या उंदरांत कालांतराने विफलता आली. २०१२ मध्ये दिसले, की त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक काढून प्रवाह कमी केलेल्या उंदरांतही ती येते. अ‍ॅड्रेनलिनने प्रवाह वाढतो तो चॅनेलला दाबून धरणारे रॅड हे प्रथिन फॉस्फेट जोडले जाऊन सुटते म्हणून, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. विफल हृदयात अ‍ॅड्रेनलिनचा संदेश घेणारे बीटा-१ ग्राही घटल्याने ही वाढही क्षीण होते.

प्राण्यांत सर्का-२ए चे जनुक विषाणूमार्फत दिल्यावर हृदय सुधारले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्युपिड-२’ या मानवी चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. चॅनेल रोखणारी व्हेरापामिल व डिल्टियाझेम ही औषधे आकुंचनशक्ती घटलेल्या रुग्णांत टाळतात, कारण ती उरलासुरला प्रवाहही कमी करतात. अ‍ॅम्लोडिपिनचा जोर रक्तवाहिन्यांवर असल्याने गरज पडल्यास ते चालते.