परतीचा प्रवास नसलेलं प्रथिन

नाक, श्वासनलिका, आतडी यांच्या आतल्या अस्तरावर जंतू सतत येऊन थडकत असतात. त्यांना अडवणारी आयजीए प्रतिपिंडं मात्र तयार होतात अस्तराच्या खाली, प्लाझ्मा पेशींमध्ये. मधल्या थरातल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की एवढा मोठा रेणू फटीतून जाणं अशक्यच. तरीही प्रौढ माणसाच्या आतड्यात रोज काही ग्रॅम आयजीए उतरतं. ते थेट पेशीच्या आतून जातं, आणि त्याला नेतं ‘पॉलिमेरिक इम्युनोग्लोब्युलिन रिसेप्टर’ नावाचं प्रथिन.

हा रिसेप्टर पेशीच्या तळाकडच्या पटलात रोवलेला असतो. समोर येईल ते प्रतिपिंड तो उचलत नाही. आयजीएचे दोन रेणू ‘जे साखळी’ या छोट्या प्रथिनाने जोडलेले असतील, तरच पकड बसते. रक्तातलं बहुतांश आयजीए सुटं असतं, त्यामुळे ते या वाटेने जात नाही. जे साखळी असलेलं आयजीएम हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड मात्र जातं. ज्यांच्या शरीरात आयजीए बनत नाही, त्यांची उणीव ते काही प्रमाणात भरून काढतं. पकड बसली की पटल आत वळतं, त्याची पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, होते आणि ती पेशी ओलांडून वरच्या पृष्ठभागाला जाऊन मिळते.

तिथे जे घडतं ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. एक विकर (एन्झाइम) रिसेप्टरलाच कापतं. एरवी बरेच रिसेप्टर आपला माल उतरवून परत कामाला लागतात. हा एकाच खेपेत संपतो, पुढच्या खेपेला पेशीने नवा घडवायचा. वरवर पाहता ही उधळपट्टी आहे. पण कापलेला मोठा तुकडा प्रतिपिंडाला बिलगून राहतो, आणि आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या विकरांपासून त्याचं रक्षण करतो. याच तुकड्यावरच्या शर्करांमुळे प्रतिपिंड श्लेष्म्यात टिकून राहायलाही मदत होते.

संशोधक थॉमस टोमासी आणि सहकाऱ्यांना १९६५ मध्ये लाळेसारख्या स्रावांतल्या आयजीएला हा जादा तुकडा चिकटलेला दिसला होता. तो रिसेप्टरचाच अवशेष आहे, हे पुढे स्पष्ट झालं. १९८४ मध्ये कीथ मोस्टोव्ह आणि सहकाऱ्यांनी रिसेप्टरची पूर्ण रचना उलगडली.

पेशीतून जाता जाता आयजीए आत शिरलेल्या विषाणूंनाही गाठू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. उलट न्यूमोकोकस हा जीवाणू आपल्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाने याच रिसेप्टरला धरतो आणि नाक-घशाच्या पेशींत शिरकाव करून घेऊ शकतो.